माझ्या आवाजातला फोन

कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवत किसनभाऊ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आलो ॲडमिट व्हायला."

मी त्यांना बोलावलंच नव्हतं. किसनभाऊ घोटीकडचे भातशेतकरी, माझ्या स्वतःच्या दवाखान्यापासूनचे पेशंट. आता मी नाशिकच्या एका मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात पगारी हृदयरोगतज्ज्ञ होतो. मागच्या खेपेला छातीत जळजळतंय म्हणून आले होते. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, सगळं ठीक. साधं पित्त होतं. गोळ्या देऊन घरी धाडलं होतं.

"अँजिओग्राफी करायची, असं तुमीच तर सांगितलं फोनवर," ते म्हणाले. "भाताची आवणी उरकली का, तेबी इचारलं."

अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून, एक औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायचा. ते औषध किडनीला जड जातं. किसनभाऊंची किडनी आधीच कुरकुरत होती. मी हे सांगणं शक्यच नव्हतं. तसं समजावत असतानाच त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"किसनभाऊ, पोचलात का? टॉवेल घेतलाय ना?"

आवाज माझा होता. बोलता बोलता मी जरा खाकरतो, ते खाकरणंसुद्धा. किसनभाऊ माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत राहिले. मी फोन ओढून घेतला.

"मी डॉक्टर बोलतोय," मी म्हणालो.

"घाबरू नका किसनभाऊ," माझा आवाज मला म्हणाला, "मी आहे ना."

मी तडक मॅनेजरांकडे गेलो. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हॉस्पिटलच्या व्हिडिओसाठी मी जे बोललो होतो, त्यावरून कॉम्प्युटर माझा आवाज शिकला होता आणि त्याच आवाजात पेशंटना फोन करून बोलावत होता. 'पेशंट एंगेजमेंट' म्हणतात त्याला. पेशंट खूश आहेत, असंही त्यांनी सांगितलं.

"आणि सर, प्रत्येकाशी एवढं बोलायला तुम्हाला वेळ कुठे असतो?"

ते खरं होतं, म्हणून राग जास्त आला.

किसनभाऊ काही केल्या हलेनात. "फोनवर लय मायेनं बोलता, हितं का रागावता?" म्हणत होते. शेवटी मीच पिशवी उचलली आणि त्यांना एसटीत बसवून आलो. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या मंडळी, सीताबाई, मेडिकलच्या दुकानात भेटल्या. त्याच हॉस्पिटलात किसनभाऊंची अँजिओग्राफी झाली होती. रिपोर्ट नॉर्मल आला, पण किडनी बसली. आता डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त गाळून घेणं, चालू होतं.

"पण मी नको म्हटलं होतं ना?" मी कसंबसं विचारलं.

"मंग तुमीच पुन्हा फोन केला की," त्या म्हणाल्या. "आताबी रोज करता. तेवढाच आधार हाय बघा त्यांना."

नोकरी सोडताना मी बॅज दिला, ॲप्रन दिला, पार्किंगचा पास दिला. आवाज परत मागायचा असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.