विहिरीसाठी एक पावसाळा

फोन आला तेव्हा मी वाटूरला भाच्याकडे होते. पलीकडून पठाडे काकू रडत होत्या. "ताई, जल्दी या. साहेब गेले." साहेब म्हणजे माझा थोरला भाऊ, सुधाकरदादा. सकाळी चहा प्यायला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली... याला आता दीड महिना होत आला. त्या दिवशी एसटीत बसल्यावर जालना येईपर्यंत माझ्या मनात एकच येत होतं, की या बाईनं रडावं! आमच्या कॉलनीत दादाशी सगळ्यात जास्त कुणी भांडलं असेल, तर ती हीच.

दादाची सगळी नोकरी मुंबईत, मंत्रालयात गेली. पर्यावरणाची धोरणं लिहिणं हे त्याचं काम. आमची आई लहानपणी आजोळच्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन, कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळत उभी राहायची. ते ऐकत वाढलेला पोरगा पाण्याचे नियम लिहायला बसला, याचा आमच्या वडिलांना, आप्पांना, केवढा अभिमान होता! नव्या इमारतीनं गच्चीवरचं पाणी जमिनीत जिरवलंच पाहिजे, ही अट घालण्यात दादाचा हात होता. लोक खोटं लिहून देतात म्हणून त्यानं पाइपाचा फोटो जोडायची सक्तीही घातली, आणि त्या सक्तीवर स्वारी फार खूश होती.

निवृत्तीनंतर तो जालन्याला आला आणि माझ्याच घरी राहू लागला. एकदा आम्ही पठाडे काकूंकडे चहाला गेलो. घर नवंकोरं, पण गच्चीवरून खाली येणारा पाइप कुठे दिसेना. दादानं विचारलंच.

"लावल्ता की, साहेब," काकू म्हणाल्या. "फोटो काढला अन् ठेकेदार पुढच्या घरी घेऊन गेला. साऱ्या कॉलनीत एकच पाइप फिरला बघा."

दादा हसायला लागला, तो पार ठसका लागेपर्यंत. माझं डोकं फिरलं. घरी येताच म्हटलं, "हसतोस काय? तक्रार कर त्या ठेकेदाराची." मुंबईत एवढी वर्षं काढूनही घरात त्याची बोली इथलीच होती. म्हणाला, "कशाची तक्रार करू? मी फोटो मागितल्ता. पाणी मागितलंच न्हाई." त्या दिवशी तो जेवला नाही. आयुष्यभराचं काम वाया गेलं की काय, ही धास्ती त्यानं बोलून दाखवली नाही, पण मला ती कळली.

कॉलनीच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर होती, कचऱ्यानं भरलेली. ती बुजवून तिथे गाड्यांसाठी शेड करायचं ठरलं होतं आणि काकू त्यात सगळ्यांच्या पुढे. दादा बैठकीत उभा राहिला. "मला एक पावसाळा द्या. विहीर भरली न्हाई, तर मातीचं पहिलं घमेलं मी टाकतो." काकू म्हणाल्या, "बराबर टाकायचं हां!" लोक हसले. दादानं स्वतःच्या खर्चानं विहीर उपसली, दारोदार फिरून गच्च्यांचं पाणी तिकडे वळवलं आणि वाळू-खडीतून गाळून ते आत सोडलं.

आणि त्या साली पावसानं दगा दिला. विहिरीच्या तळाला नुसता चिखल! दिवाळी झाल्यावर एका सकाळी बघते, तर दादा अंगणात घमेल्यात माती भरतोय. मी म्हटलं, "गप बैस, सगळे विसरलेत." तो म्हणाला, "मी न्हाई ना विसरलो." बनियनवरच निघाला. मागोमाग मी, आणि हळूहळू अर्धी कॉलनी. विहिरीशी पोहोचल्यावर काकूंनी त्याच्या हातातलं घमेलं हिसकावलं. "सरका! पाऊसच न्हाई आला, त्याला विहीर काय करील? पुढल्या साली बघू." ती माती त्यांनी आपल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतली. शब्द पाळणाऱ्या माणसाला हरताना बघवत नाही, हे त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं असावं.

पुढल्या साली विहीर भरली. उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत टँकर आले, पण आमच्याकडे वापरायला पाणी होतं. दादानं त्याचा कधी गाजावाजा केला नाही. फक्त येताजाता आत डोकावायचा.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यानंतरची गोष्ट. कॉलनीच्या टोकाला एका शिक्षकांनी प्लॉट घेतलाय. ते सकाळी आखणीच्या चुन्याची, फक्कीची पिशवी घेऊन दारात आले. "जय भीम, ताई. घराची आखणी मंग करू. आधी पाणी विहिरीकडं कसं न्यायचं, ती रेघ मारून द्या. साहेबांनाच इचारणार होतो..." त्यांच्याकडे कुणी फोटो मागितला नव्हता. अजून नकाशासुद्धा मंजूर नव्हता. मला भरून आलं, अगदी दारातच. मग चपला घातल्या आणि निघाले. मोकळ्या प्लॉटवर उतार पाहत पाहत फक्की टाकली. रेघ जराशी वाकडी गेली. शिक्षक म्हणाले, "चालतंय, ताई." दादा असता तर त्यानं पुसायला लावली असती. मी ती पायानं पुसली आणि पुन्हा टाकली.