किल्लीवाल्याचं वावर शेवटी

तलावाच्या तुडुमाला कुलूप लागलं होतं आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळं गाव बसलं होतं. तुडूम म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायचं तोंड. ते बंद ठेवायचा हक्क कंपनीला माझ्या करारानं दिला होता.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची ही लाखनीकडची गोष्ट. विकास बँकेचं कर्ज, सरकारचा तलाव, खासगी कंपनीचे पंप, आणि त्यातून गावांना नळाचं पाणी. यालाच पीपीपी, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी म्हणतात. मी बँकेची सल्लागार. कराराला एक तक्ता जोडतात, रिस्क मॅट्रिक्स. काय बिघडलं तर कोणी सोसायचं, ते त्यात असतं. ‘पाणी कमी पडलं तर’ या ओळीत मी दुसऱ्या देशातलं कलम जसंच्या तसं उचललं होतं: पातळी खुणेखाली गेली की शेतीचं पाणी बंद. मी वरठीत वाढलेली. धान पाणी कधी मागतो हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण दिव्याखाली अंधार!

मीटिंग पाळीवरच होती. ऊन कोवळं होतं. कमळाच्या पानांवर पाखरं चालत होती. पलीकडचा धान धुक्यात तरंगल्यासारखा दिसत होता. पाण्याकडे बघत राहिलं की मला मीटिंग विसरायला होतं. त्या दिवशीही तेच झालं.

“म्याडम, झोपल्या का जी?” पाणकर सुकरामभाऊ म्हणाले. पाणकर म्हणजे गावानं नेमलेला पाणी वाटणारा. “धान गर्भात आहे. दोन दिवसात पाणी नाई भेटलं त पोचट होते सारा.”

कंपनीचे मॅनेजर करार घेऊन उभे होते. “नळ बंद पडले तर पेनल्टी मला लागते, मॅडम.” त्यांचंही खोटं नव्हतं.

बँकेच्या अधिकारी मॅडम दिल्लीहून आल्या होत्या. त्यांनी सुकरामभाऊंना विचारलं, “पहले, पानी कम हो तो क्या करते थे?”

“पाळीवर बसतो. प्याचं पाणी पहिले ठेवतो, ते कायले विचारा लागते? मंग जे उरन त्यात सगळ्याईचं अर्धं-अर्धं वावर भिजवतो. अन् तुडूम ज्याच्या हाती, त्याचं वावर शेवटी.”

“काहून?” मी विचारलं.

“नाहीतर कोण भरोसा ठेवन जी?”

मला लाज वाटली. माझ्या तक्त्यात किल्लीवालाच सगळ्यांत सुरक्षित होता.

बँकेच्या मॅडमनी वरिष्ठांना फोन लावून परवानगी घेतली. पाळीवरच नवं कलम लिहिलं. पिण्याचं पाणी आधी, बाकीचं गाव बसून ठरवेल. किल्ली पाणकराकडे. पातळी पाणकर आणि कंपनी दोघांनी मिळून रोज मोजायची, तेवढं पाळलं तर कंपनीला पेनल्टी नाही. मॅनेजरनी सगळ्यांआधी सही केली.

दुपारी तुडूम उघडलं. पाणी बांधाबांधानं पुढे सरकत गेलं, आणि मी चपला हातात घेऊन त्याच्या मागे मागे. कोणी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही.

नळ चालू राहिले. गावाचा अर्धा धान भरला. पाणी सुकरामभाऊंच्या बांधाशी येऊन संपलं. त्यांचा सगळा पोचट गेला. मी माफी मागायला गेले, तर म्हणाले, “चालते जी. असं होते कधी कधी.” मला रडूच आलं.

गरीब मुलखात अशा भागीदारीला बँकांनी मदत कशी करावी, असं मला आता परिषदांमध्ये विचारतात. मी एवढंच सांगते: करार लिहिणाऱ्याला आधी एक हंगाम पाळीवर बसवा, आणि त्या हंगामाचा पगार तुम्ही बँकांनी द्या. वकील नंतरही मिळतात.