मोडका व्हॉल्व्ह
बागेवर गंधक फवारल्याचा वास आला की मला आडगावचं एक पत्र्याचं गॅरेज आठवतं. दोन हजार साल उलटून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. भावाच्या माउंटन सायकलवरून मी पांडवलेणीच्या उतारावर आपटले आणि मागच्या चाकाच्या, दाबाची हवा भरलेल्या शॉकअपचा व्हॉल्व्ह दगडावर आदळून मोडला. शहरातल्या सायकलवाल्यांनी हात लावला नाही, म्हणून द्राक्षबागेचे फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. मोडका तुकडा काढून नवा व्हॉल्व्ह बसवायचा, एवढंच काम. "आत हवा हाय का?" त्यांनी विचारलं. "नाही, कधीच गेली," मी ठामपणे सांगितलं. खरं तर मी बघितलंच नव्हतं. भाऊ संध्याकाळी येणार होता आणि मला घाई होती. त्यांनी शॉकअप टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, व्हॉल्व्हचं तोंड भिंतीकडे केलं, स्वतः बाजूला सरकले आणि दाभणानं आतली पिन दाबली. फस्सकन हवा सुटली आणि भिंतीवर तळहाताएवढा तेलाचा डाग उमटला. मी ओशाळून "सॉरी काका" म्हणाले. ते रागावले नाहीत. ब्लेडनं तुकड्याला खाच पाडून स्क्रूड्रायव्हरनं तो उलटा फिरवता फिरवता म्हणाले, "एकदा असाच दुसऱ्याच्या बोलण्यावर पंप खोलला होता, ताई." मग त्यांनी मान वर केली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांचा डावा डोळा काचेचा आहे. आजही घरात कुणी कुकरची वाफ गेलीय म्हटलं, तरी मी शिट्टी पुन्हा उचलून बघते.