सपाट जागी चाललेला माणूस

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परसात चुलीसाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडत होते. गच्चीवर चालता चालता खाली बसले आणि उठलेच नाहीत, एवढंच भाचीला सांगता आलं. मी हात धुतले आणि मोताळ्याची गाडी धरली. रडू आलं नाही... महिना उलटला, अजून आलेलं नाही. चौकात मात्र त्यांचा मोठा फलक लागला, हात जोडलेला फोटो आणि खाली 'शेतकऱ्यांचा आधारवड'. तो वाचला आणि ठरवलं, आम्हाला ठाऊक असलेला माणूसही कुणीतरी लिहावा.

दिनकरराव हे माझ्या थोरल्या बहिणीचे, वत्सलाताईचे यजमान. मोताळ्यात त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. बीटी कपाशी आमच्याकडे नवी होती तेव्हा गावोगावच्या पारावर बसून त्यांनी ती लोकांच्या गळी उतरवली. पहिली काही वर्षं पीकही चांगलं आलं आणि लोक त्यांचा शब्द झेलू लागले. फवारताना विष अंगात भिनून माझे यजमान बांधावर कोसळले, तेव्हा याच माणसानं स्वतःच्या गाडीत घालून त्यांना बुलडाण्याला नेलं. ते मी विसरलेले नाही. पण पुढं दुकानात चोरट्या बियाण्याची बिनबिलाची पाकिटं येऊ लागली, आणि घरचा माणूस म्हणून तीच आमच्याही वावरात पडली.

त्याच सुमारास त्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि भाचीनं त्यांच्या मोबाईलमध्ये एक खेळ घालून दिला. एका परदेशी कादंबरीतला दूत राजाचा निरोप घेऊन डोंगर, जंगलं, दलदली ओलांडत समुद्राकडे निघालेला असतो. आपण इथं जेवढं चालू, तेवढा तो तिथं नकाशावर पुढं सरकतो. बियाण्याच्या पाकिटावरच्या मजकुरापलीकडे कधी काही न वाचलेला हा माणूस त्या दूतापायी वेडा झाला. येईल त्याला नकाशा दाखवायचे. चालायचे मात्र गच्चीवर, पाण्याच्या टाकीभोवती. रस्त्यानं का जात नाही, असं ताईनं विचारलं तर कुत्री आहेत म्हणायचे. कुत्री नव्हती. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, आणि रस्त्यावर त्यांचं बियाणं पेरलेली माणसं भेटत होती.

आम्ही दोघं किडकी बोंडं पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. घामाघूम होऊन ते खाली आले. आज दूत खिंड ओलांडून गेला, पुढं बर्फ आहे, हे आधी सांगून झालं. मग ह्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. भाऊजींनी एक बोंड फोडलं आणि आतली अळी बोटानं झटकली.

"फवारणी टाइमावर नसन केली तुम्ही."

ह्यांनी बोंडं परत पिशवीत भरायला घेतली. फवारणीनंच मरता मरता वाचलेला माणूस तो... मी म्हटलं, "भाऊजी, एकदा वावरात येऊन पाहा. गाडीनं या."

"मले डॉक्टरनं सपाट जागीच चालाले सांगतलं," ते म्हणाले, आणि त्यांनी मोबाईल चार्जिंगला लावला.

आठवडाभरात आम्ही उभी कपाशी उपटली. त्यांच्या घरचा चहा मी पुन्हा प्यायले नाही. ते आमच्या गावात आले नाहीत, दुसऱ्या कुणाच्याही नाही. बर्फ, बर्फानंतरची नदी, सगळं गच्चीवरच पार पडलं. तेराव्याला भाची म्हणाली, समुद्र थोडाच राहिला होता. जमलेले हळहळले. मी ताटावरून उठले.

मागच्या आठवड्यात ताई आमच्याकडे आली. एसटीनं नाही, पायी. पायात भाऊजींचे पांढरे बूट, तिला सैल होणारे, आणि त्यांचा मोबाईल कमरेला खोचलेला. वाटेत ज्या ज्या घरी ती पाकिटं गेली होती, तिथं ओट्यावर बसून लोकांचं बोलणं ऐकून आली होती. एका घरी कुणी पाणीही विचारलं नाही, तेही तिनं सांगितलं. मी चिडले. त्यांच्या समुद्रासाठी तू कशाला पाय झिजवतेस, म्हटलं.

"समुद्र गेला खड्ड्यात," ताई म्हणाली. "त्याईले हा रस्ता दाखवून राह्यली मी."

मग ती ह्यांच्याबरोबर वावरात गेली. मी बांधावर उभी होते. ज्या तुकड्यात ती कपाशी होती, तिथल्या ढेकळांतून ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. बूट काळ्या मातीनं भरले. परतल्यावर मी ते धुवायला मागितले... तिनं दिले नाहीत. तशाच बुटांनी ती आता दुसऱ्या गावांना जाते.