मायच्या पुढ्यातून नेलेली भाकर

मायने हात पुढे केला आणि मी ताट तिच्यासमोरून पुढच्या माणसाकडे नेलं.

ताटात प्रभुभोजनाच्या, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचे तुकडे होते. ते वाटायचं काम मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, माझ्याकडे दिलं होतं. पांढरा सदरा, खाली नजर, चालीत बेताचं पावित्र्य. मायचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि बाप्तिस्मा नाही त्याला भाकर नाही, हा आमचा नियम. भर उपासनेत तिने विचारलं, "मले काहून नाही देत रे? येशू माहाही हाये ना?"

मी डोळे वटारले. तिचा हात जरा वेळ तसाच राहिला. मग तिने तो पदराखाली घेतला.

तिला बाप्तिस्मा नको होता असं नाही. पण आमच्याकडे तो कारधा गावाच्या काठाला, वैनगंगेत, पूर्ण बुडवून. मायला साखरेचा आजार, पायाला न भरणारी जखम. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी केलेले पाय. डॉक्टरने पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं. ती पाळकांना, आमच्या धर्मगुरूंना, म्हणाली, "डोक्यावर लोटाभर पानी टाका ना बाप्पा. देवाले समजत नाही का?"

पाळक नागपूरहून चारचाकीने यायचे. मे महिन्यातही टाय. म्हणाले, "आजी, हे काय पिंडीवर पाणी घालणं आहे?"

मंडळी हसली. मीही हसलो. इतरांच्या आधी थांबलो, एवढंच.

तारण, म्हणजे आत्म्याची मुक्ती, विश्वासाने होतं, पाण्याने नाही, हे हेच पाळक शिकवायचे. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला कुणी नदीवर नेलं नव्हतं, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. हे सगळं मी वाचलं होतं, टीकाग्रंथांसकट. वाचून मी ताट उचलत होतो.

जखम भरलीच नाही. माय गेली.

कबरीपाशी पाळक इतरांच्या वेळी म्हणत, "आपली बहीण प्रभूजवळ आहे." मायच्या वेळी म्हणाले, "ही कुठे आहे ते प्रभूला ठाऊक. आपण जिवंतांसाठी प्रार्थना करू." प्रार्थना झाली. माझ्या तोंडी आमेन आलंही होतं. सवयच ती. तेवढ्यात मावशीने माझी बाही ओढली. "तू तरी सांग ना बाबू, माही बाई कुठी गेली तं."

मी म्हणालो, "आमेन म्हणणार नाही. माझी माय प्रभूजवळ आहे. तिचा विश्वास होता. बाहेर ठेवलं ते आपण. माझ्या हाताने."

"दुःखात माणूस काहीही बोलतो," पाळक म्हणाले.

"सुखात गप्प राहिलो, त्याचं काय?"

एवढं बोलायला मला तिची कबर लागली. प्रभूकडे क्षमा मागितली आहे. ती मिळते, असं वचन आहे. मायकडे मागायची सोय मी ठेवली नाही.

मी मंडळी सोडून जाणार नाही. मी जावं, हेच त्यांना हवं आहे. दर प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर बसेन. विश्वास ठेवणाऱ्या एकालाही जोवर वगळतात, तोवर ती भाकर मी घेणार नाही. का, असं विचारतील. मायचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत सांगेन.