भरलेली कोंबडी आणि उसवलेला सदरा

लग्नानंतर आम्ही कोपरला राहायचो आणि मी दिवसभर मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायचे. एका बुधवारी संध्याकाळी अंगात काही उरलं नव्हतं अशी घरी आले, तर नवऱ्याने कोंबडी साफ करून ठेवलेली. "छातीत मसाला भरून टाक, सोपं आहे," म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले.

सोपं! पाट्यावर खोबरं, मिरची, लसूण वाटायचं, छातीच्या मांसाला चीर देऊन ते भरायचं, आणि बाहेर येऊ नये म्हणून सुईदोऱ्याने शिवायचं. मी शिवत होते तेवढ्यात हे आत डोकावले.

"कोंबडी शिवायला वेळ आहे. माझा सदरा आठवडाभर उसवलेला पडलाय."

कोंबडी चुलीवर चढवली आणि हात न धुताच, त्याच सुईने, त्याच मसाल्याच्या दोऱ्याने सदराही शिवून टाकला. घरातले सगळे बोटं चाटत जेवले.

सकाळी हे तो सदरा घालून कामाला निघाले. डोंबिवली स्टेशनपर्यंत गावातली कुत्री शेपट्या हलवत त्यांच्या मागे गेली.

तेव्हापासून हे आपले सदरे आपणच शिवतात.