मनोरे राहिलेत

सही करता यावी, एसटीची पाटी वाचता यावी, एवढ्यासाठीच सरूबाईला साक्षरता वर्गात बसवलं होतं. शिरूर कासारजवळच्या तिच्या वस्तीत, विहारात, संध्याकाळी वर्ग भरायचा. शिकवायची शेजारची सून माया. तिचा स्वतःचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू होता. बायका पाटीवर गिरवत असल्या की ती इंग्रजी शब्द पुटपुटत बसायची.

काय पुटपुटतेस, असं सरूबाईने एकदा विचारलं. माया म्हणाली, पॉर्क्युपाइन, म्हणजे साळिंदर. सरूबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. उसाच्या फडात साळिंदराचे काटे तिच्या पायात मोडले होते. त्या जनावराला असलं लांबलचक नाव, याचं तिला हसू आलं. मग ते नाव आपल्याला यावंसंच वाटलं.

मायाच्या पुस्तकात अवघड शब्द गटागटाने होते: प्राणी, शिंपले, मनोरे. पँगोलिन म्हणजे खवल्या मांजर. वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा. काउरी म्हणजे कवडी, हे सरूबाईने एकदाच ऐकून धरलं. वेल्क ही समुद्रातली गोगलगाय. सरूबाईने समुद्रच पाहिला नव्हता, तरी तिलाही सोडलं नाही. भाकरी थापता थापता ती शब्द म्हणायची, आणि अडलं की पिठाच्या हातानेच मायाचं दार गाठायची.

वस्तीत चेष्टा सुरू झाली. म्हातारी आता साहेबाच्या मेंढ्या राखणार, असं लोक म्हणायचे. नवरा आश्रुबा मान खाली घालून निघून जायचा.

दिवाळीच्या तोंडावर मुकादम सुग्रीव टोळी जमवायला आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. तो एकट्या माणसाला नेत नसे. सरूबाई लग्न झाल्यापासून दरसाल गेली होती. या वेळी तिने अंगणातूनच सांगितलं, मी येणार नाही.

"कावून?" सुग्रीवने विचारलं.

"जनावरं झाली, शिंपले झाले. मनोरे राहिलेत."

आश्रुबाने खुलासा केला तेव्हा सुग्रीव हसला. असल्या शब्दांचा हिला काय उपयोग, म्हणाला.

सरूबाईने झाडू भिंतीला टेकवला. "उपयोगाचं लई केलं मी, सुग्रीवभाऊ. जलमभर दुसरं काय केलं? हे बिनउपयोगाचं हाय, म्हणूनच मला पायजे."

"तुज्यामुळं आश्रुबाबी अडकंल."

"अडकू द्या. त्यांच्यापायी मी लई वर्सं अडकले."

टोळीचा ट्रक त्यांच्याशिवाय गेला. आश्रुबा ओरडला नाही, त्याने बोलणंच टाकलं. दोघं आसपास कापूस वेचायला जाऊ लागली. काम रोज मिळेल याचा भरवसा नव्हता. तेल संपलं की मीठ-मिरचीवर भागायचं. आपल्यामुळे हे झालं, हे सरूबाईला कळत होतं आणि टोचतही होतं. पण तिने वर्ग चुकवला नाही. टरेट म्हणजे किल्ल्याच्या भिंतीवरचा छोटा बुरूज. बेल्फ्री म्हणजे घंटेचा मनोरा. मिनारेट म्हणजे मिनार. हा तर ओळखीचाच निघाला, म्हणून तिने तो दोनदा म्हणून घेतला.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी कापसाचं ओझं बांधावर टेकवून आश्रुबा बोलला.

"लोक अजून हसतेत तुला."

"हसू द्या. तुमी हसता का?"

त्याने ओझ्याची सैल झालेली गाठ आवळली.

"न्हाई," म्हणाला.

मग तिने हात दिला, त्याने ओझं डोक्यावर घेतलं, आणि दोघं गावाकडे निघाली.